समोरच्या डेकचा अभ्यास : प्रस्तावना

दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. यातल्या पाच रंगांत प्रधानाच्या खालोखाल दश्शीचा मान असतो आणि एक्का सगळ्यांत तळाला. उरलेल्या पाच रंगांत नेमकं उलटं, तिथे एक्का प्रधानाच्या पाठीला लागून आणि दश्शी शेवटी. दिवसा डाव मांडला तर उतारी रामाच्या राजाची, रात्री मांडला तर कृष्णाच्या. मेंढीकोटात हुकमाचा एक रंग ठरतो, तसं इथे काही ठरत नाही. एखाद्या रंगातली वरची पानं पडून गेली की उरलेल्यांत जे पान सर्वांत वरचं, ते हुकूम. डावाच्या सुरुवातीला कुणी विचारत नव्हतं अशी सत्ती शेवटच्या काही हातांत राजाचं काम करून जाते. तिची किंमत नेमकी केव्हा चढली हे ज्याने गेलेली पानं मनात धरून ठेवली त्यालाच कळतं.

या पुस्तकाचा विषय गंजिफा नाही. पण रत्नागिरीत बसून पत्त्यांच्या खेळावर लिहायचं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. सावंतवाडी १९८१ च्या मे महिन्यापर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. तिथल्या चितारी मंडळींनी लाखेच्या झिलईची ही गोल पानं पिढ्यान्‌पिढ्या रंगवली, आणि कला विझायला आली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. आज हे संच बहुतेक करून भिंतीवर किंवा काचेच्या कपाटात दिसतात. त्यांच्यावरच्या चित्रांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, खेळाबद्दल फार थोडं. मला मोल वाटतं ते त्या खेळातल्या एका विचाराचं: पानाची किंमत पानावर छापलेली नसते, बाकीची पानं कुठे आहेत त्यावर ती ठरते. पुढची सगळी प्रकरणं याच एका विचाराचा विस्तार आहेत.

आता आपल्या विषयाकडे येतो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आणला. त्यानंतर १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ आला, १९९९ मध्ये यु-गि-ओचा. या खेळांना ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात. आपल्याकडच्या ज्या पिढीने शाळेच्या दप्तरातून डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं नेली, तिला पानं जमवण्याची आणि अदलाबदल करण्याची हौस वेगळी सांगायला नको. पण ट्रम्प कार्डांत गठ्ठा एकच असतो आणि तो सर्वांत वाटला जातो. इथे प्रत्येक खेळाडू आपला डेक घरून बांधून आणतो. हजारो पानांतून ६० निवडायची. मॅजिकमध्ये एकाच नावाची चारपेक्षा जास्त पानं घेता येत नाहीत (शक्ती देणाऱ्या मूळ जमिनी सोडून), यु-गि-ओमध्ये तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि तिथला मुख्य डेक ४० ते ६० पानांचा.

त्यामुळे पिसायला घेण्याआधीच एक डाव होऊन गेलेला असतो. काय आणायचं, आणि समोरचे काय आणणार आहेत, हा तो डाव. खेळाडू त्याला मेटा म्हणतात. मी या पुस्तकात त्याला डावाआधीचा डाव म्हटलं आहे आणि सारा भर त्याच्यावर दिला आहे. लोकप्रिय डेकला उत्तर शोधणं म्हणजे हाच डाव जिंकायचा प्रयत्न.

नव्या वाचकासाठी डेकची तीन घराणी आधी सांगून टाकतो. पहिलं आक्रमक, ज्याला खेळाडू ॲग्रो म्हणतात: स्वस्त पानं भराभर उतरवायची आणि समोरच्याने बस्तान बसवण्याआधी त्याला संपवायचं. दुसरं नियंत्रक, म्हणजे कंट्रोल: येईल ते परतवून लावायचं, टिकून राहायचं आणि उशिरा एखाद्या भारी पानाने डाव खिशात घालायचा. तिसरं जोडणीचं, कॉम्बो: दोन-तीन विशिष्ट पानं हाती जमली की एका दमात निकाल. दगड, कागद, कात्रीसारखं हे घराणं त्याला हरवतं आणि ते याला, असं शिकवण्याची पद्धत आहे. सुरुवातीला ठीक आहे, पण मला ती पुरेशी वाटत नाही. घराण्याचं नाव कळल्याने उत्तर सापडत नाही. डेक नेमका कशाच्या जोरावर चालतो आणि त्या जोराची किंमत कुठे मोजतो, हे पाहिलं की सापडतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९९६ सालचं आहे. आदल्या वर्षी मॅजिकमध्ये नेक्रोपोटन्स नावाचं काळ्या रंगाचं पान आलं होतं. त्या खेळात प्रत्येकाला २० प्राण असतात आणि दर पाळीला एक पान ओढायचं असतं. नेक्रोपोटन्स उतरवलं की ती रोजची ओढणी बंद, पण एक प्राण मोजला की एक पान मिळतं, आणि किती प्राण मोजायचे ते आपण ठरवायचं. प्रथमदर्शनी हा तोट्याचा सौदा दिसतो. पण प्राण सतरा असले काय आणि सात असले काय, शेवटचा एक शिल्लक असेपर्यंत खेळाडू जिवंतच असतो. हातात मात्र समोरच्याच्या दुप्पट पानं येतात. हे ध्यानात आल्यावर त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जो तो काळा डेक घेऊन बसू लागला. खेळाच्या इतिहासात त्या मोसमाला ‘काळा उन्हाळा’ असंच नाव पडलं.

याला उत्तरं दोन दिशांनी आली आणि दोन्ही अभ्यासण्यासारखी आहेत. एक दिशा लाल डेकची. पॉल स्लाय या खेळाडूच्या नावाने ओळखला जाणारा डेक त्याच वर्षी पुढे आला. त्यातली पानं सुटी पाहिली तर सामान्य, काही तर इतरांनी टाकून दिलेली, पण सगळी स्वस्त आणि पहिल्या पाळीपासून मार देणारी. काळा खेळाडू स्वतःचेच प्राण खर्चून पानं विकत घेतो, म्हणजे लाल डेकचं निम्मं काम तोच करून देतो. त्याची ताकद आणि त्याची उघडी बाजू एकाच ठिकाणी आहे, आणि लाल डेक तिथेच बोट ठेवतो.

दुसरी दिशा पांढऱ्या डेकची. त्याच वर्षी सिएटलला झालेल्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा टॉम चानफेंग लहान पांढऱ्या शिलेदारांचा डेक घेऊन जिंकला, आणि अंतिम फेरीत त्याच्या समोर मार्क जस्टिसचा नेक्रोपोटन्सचा डेक होता. चानफेंगच्या डेकमध्ये व्हाइट नाइट आणि ऑर्डर ऑफ लेटबर ही दोन पानं होती. त्यांच्यावर ‘काळ्यापासून संरक्षण’ हा गुण छापलेला असतो. काळ्या मंत्राला त्यांच्यावर नेम धरता येत नाही, काळ्या प्राण्याला त्यांना अडवता येत नाही. लाल डेकसमोर किंवा हिरव्या डेकसमोर व्हाइट नाइट हा दोन बळाचा साधा शिलेदार. सगळं सभागृह काळं झालेलं असताना मात्र तो भिंतीतून आरपार जातो. पान तेच, त्यावरचं एक अक्षरही बदललेलं नाही. बदलली ती आजूबाजूची पानं, आणि गंजिफेतल्या सत्तीसारखं ते हुकूम झालं.

या डेकची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रंगाचा उल्लेख बदलून टाकणारं एक निळं पानही चानफेंगने त्यात ठेवलं होतं, म्हणजे गरज पडली तर काळ्याऐवजी दुसऱ्या रंगापासून संरक्षण मिळावं. पण डेकची यादी भरताना निळी शक्ती देणाऱ्या जमिनी लिहायच्या राहून गेल्या, आणि ते पान साऱ्या स्पर्धेत त्याला खेळताच येणार नव्हतं. तरीही तो विश्वविजेता झाला. आखणी बरोबर बसली असेल तर एवढी मोठी चूकही डेक पचवू शकतो, हे मला त्यातून दिसतं.

आता थोडं गणित. आठवीच्या टक्केवारीपलीकडे या पुस्तकात काही लागणार नाही, पण ती टक्केवारी टाळून चालणार नाही. समजा, लोकप्रिय डेकसमोर तुमचा उत्तरादाखल बांधलेला डेक १०० पैकी ६५ वेळा जिंकतो. हे फार चांगलं. पण त्या एका कामासाठी बांधल्यामुळे इतर सगळ्यांसमोर तो ४२ वेळाच जिंकतो. मग असा डेक न्यावा का? उत्तर तुमच्या डेकमध्ये नाही, समोर बसणाऱ्यांत आहे. हिशोब मांडला तर लोकप्रिय डेकचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा तुमची सरासरी जेमतेम ५० वर येते. त्याहून कमी असेल तर तुम्ही हुशारीने तोटा पदरात घेतला.

आणि इथेच रत्नागिरीसारख्या गावाचा प्रश्न उभा राहतो, ज्यासाठी हे पुस्तक लिहावंसं वाटलं. इंटरनेटवर टोकियोच्या किंवा अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांचे निकाल त्याच रात्री वाचायला मिळतात. तिथे कुठला डेक चालतो आणि त्याला कोणतं उत्तर गाजतं हे आपली मुलं तोंडपाठ सांगतात. मग तेच उत्तर बांधून ती गावातल्या टेबलावर येतात आणि हरतात, कारण ज्याला ते उत्तर आहे तो डेक गावात कुणाकडे नसतोच. पानं महाग, दुकानं मोजकी, पुष्कळ जण मुंबई-पुण्याहून येणाऱ्या भावंडांकडून मिळतील ती पानं घेऊन खेळतात. आपल्या टेबलाचं चित्र टोकियोच्या चित्रासारखं असण्याचं काही कारण नाही. त्याचा तक्ता आपल्यालाच मांडावा लागेल.

तो मांडायला घेतला की एक गंमत दिसते. शेकडो खेळाडूंच्या स्पर्धेत एकाने डेक बदलला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. आठ जणांच्या मंडळीत तुमच्यासमोर सातच जण असतात. त्यातल्या तिघांकडे लोकप्रिय डेक असेल तर वरच्या आकड्यांनी तुमची सरासरी ५२ च्या जवळ जाते, दोघांकडेच असेल तर साडेअठ्ठेचाळीसवर घसरते. एका माणसाचं मन बदललं की बरोबर असलेला निर्णय चुकीचा ठरतो. म्हणून लहान गावात प्रत्युत्तराचा डेक फार लवकर फळतो आणि फार लवकर निकामीही होतो. डोंगरउतारावर एकाच जातीची आंब्याची बाग उभी असली की तुडतुडा तिथे सुखाने पसरतो, पण मोहर गेला की त्याचंही पोट भरत नाही. प्रत्युत्तराच्या डेकचं आयुष्य हे असं लोकप्रिय डेकवर पोसलेलं असतं. तीन आठवडे जिंकून चौथ्या आठवड्यात हरू लागलात तर तुमचं खेळणं बिघडलं असं समजू नका. बहुधा दोघांनी डेक बदललेले असतात, आणि तुमच्यामुळेच बदललेले असतात.

सारा डेकच उत्तरादाखल बांधणं हा धाडसी मार्ग झाला. बहुतेक जण मधला मार्ग धरतात आणि डेकमध्ये दोन-चार उतारे घालतात. त्याची किंमत मोजायला शिका. ६० पानांत एखादं पान चारदा घातलं तर पहिल्या सात पानांत ते निदान एकदा येण्याची शक्यता ४० टक्के. दहा पानं पाहून होईपर्यंत ती ५३ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे चार जागा देऊनही जवळजवळ निम्म्या डावांत उतारा वेळेवर हाती नसतो, आणि समोर भलताच डेक निघाला तर हातात नुसतं पडून राहतो. मॅजिक आणि यु-गि-ओमध्ये याची सोय आहे. १५ पानांचा बाजूचा गठ्ठा ठेवता येतो आणि पहिला डाव झाला, समोर काय आहे ते कळलं, की त्यातली पानं आत घेता येतात. पोकेमॉनमध्ये असा गठ्ठा नाही, जे असेल ते ६० पानांतच. शिवाय तिथे सुरुवातीलाच सहा पानं बक्षिसं म्हणून पालथी बाजूला पडतात. एकच उतारा ठेवला असेल तर दर दहा डावांतून एकदा तो त्या सहांत अडकलेला असतो. एका पानावर विसंबून आखणी करणाऱ्या नवख्यांना मी हे पहिल्यांदा सांगतो.

काही वेळा उतारे पुरत नाहीत, हेही मान्य करायला हवं. २००३ च्या अखेरीस मॅजिकमध्ये मिरोडिन हा संच आला आणि त्यातून अफिनिटी नावाचा डेक उभा राहिला. त्यात यंत्रं जितकी जास्त तितकी पुढची पानं स्वस्त, आणि जमिनीसुद्धा यंत्रंच. उतारा तर उघड होता: यंत्रं मोडणारी पानं. जमिनीही यंत्रं असल्यामुळे त्या पानांनी त्याची मुळंच उपटता येत. प्रत्येकाने ती घातली. तरीही तो डेक हटला नाही, कारण उतारा हाती यायच्या आतच तो डाव संपवू शकत होता. २००४ च्या जूनमध्ये त्यातलं एक पान स्पर्धेतून काढलं गेलं आणि २००५ च्या मार्चमध्ये आणखी आठ, तेव्हा कुठे खेळ मोकळा झाला. ज्याला उत्तर आहे आणि तरी ते पुरत नाही, अशा डेकविषयी या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. माझ्या मते ते सर्वांत अवघड आहे.

एकही पान न बदलता द्यायचं उत्तर हा आणखी एक भाग. १९९९ मध्ये मायकल फ्लोरेस यांनी एक छोटा लेख लिहिला. दोन डेक समोरासमोर आले की त्यातला एक मारणारा आणि एक सावरणारा असतो, आणि आपण यातले कोण हे चुकीचं ओळखलं तर हार ठरलेली, हे त्याचं सार. दोन्ही डेक आक्रमक असले तरी त्यातला जरा धीमा असेल त्याने सावरण्याची भूमिका घ्यावी लागते. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे सहज पटेल. तीच तेरा पानं हातात असली तरी भिडूकडे दश्शी आहे असं वाटलं तर आपण एक उतारी करतो आणि प्रतिपक्षाकडे आहे असं वाटलं तर दुसरी.

सिद्धांताची वाट धरणाऱ्यांसाठी शेवटची दोन प्रकरणं आहेत. जॉन फॉन नॉयमन यांचा १९२८ चा जो निबंध खेळ-सिद्धांताचा पाया मानला जातो, तो घरगुती बैठ्या खेळांवरच होता. समोरच्याला तुमचा बेत कळला तरी नुकसान होणार नाही अशी मिश्र खेळी दोघांच्या शून्य-बेरजेच्या खेळात नेहमी असते, हे त्यांनी सिद्ध केलं. दगड-कागद-कात्रीत ती म्हणजे तिन्ही सारख्याच वेळा, कसलाही क्रम न ठेवता. पण हे संरक्षण आहे, कमाई नव्हे. तिथे तुम्ही हरत नाही तसे जिंकतही नाही. जिंकायचं तर समोरच्यांच्या सवयीतला झुकाव ओळखावा लागतो, आणि तो ओळखून आपण झुकलो की आपल्यालाही कुणी ओळखू शकतो. ही जोखीम किती घ्यायची ते प्रत्येकाने आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवावं. मी स्वतः थोडी जास्त घेतो.

अभ्यासाला साहित्य थोडंच लागतं. महागडं पान विकत घेण्याआधी कागदाच्या चिठ्ठीवर त्याचं नाव आणि काम लिहून ती दुसऱ्या पानाच्या पाकिटात सरकवा आणि घरी सराव करा. स्पर्धेत हे चालत नाही, पण घरी कुणी अडवत नाही आणि पालकांचे पैसे वाचतात. दुसरं लागतं ते म्हणजे वही. डेक चांगला की वाईट हे ठरवायला आपण फार उतावीळ असतो. वीस डावांत तेरा जिंकले की उत्तर सापडलं असं वाटतं. पण नुसतं नाणं वीस वेळा उडवलं तरी तेरा किंवा त्याहून जास्त वेळा छाप पडण्याची शक्यता १३ टक्के असते. शंभर डावांत पासष्ट जिंकलात तर मात्र माझा विश्वास बसेल, आणि तरीही खरा आकडा ५६ ते ७४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो हे धरूनच मी पुढे जाईन. शंभर डाव एकट्याने होत नाहीत. त्यासाठी मंडळी लागते, आणि आपला हिशोब दुसऱ्याला दाखवण्याची तयारी लागते. ज्याने उत्तर शोधलं त्याने ते लपवून ठेवण्याचा काळ गेला असं मला मनापासून वाटतं. उत्तर सर्वांना कळलं की लोकप्रिय डेक सुधारतो, त्याला पुन्हा नवं उत्तर लागतं, आणि सगळी मंडळी एक पायरी वर चढते.

या पुस्तकात ‘हा डेक बांधा’ अशी एकही यादी दिलेली नाही. छापून येईपर्यंत ती शिळी झालेली असती. ज्यांना मेंढीकोट किंवा गंजिफा येते त्यांनी पहिलं प्रकरण सोडून पानं मोजण्याच्या तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. पोकेमॉन खेळणाऱ्या शाळकरी वाचकांनी दुसरं प्रकरण आधी वाचावं, त्यातली सगळी उदाहरणं त्याच खेळातली आहेत. ज्यांनी कधी पत्ते हाती धरले नाहीत त्यांनी पहिल्या पानापासून यावं. त्यांच्यासाठी प्रत्येक नवी संज्ञा आल्या जागी उदाहरणाने समजावली आहे.

पुस्तकाच्या शेवटी कोरा तक्ता जोडला आहे. चिपळूण, खेड, दापोली, राजापूर, पलीकडे कणकवली, सावंतवाडी, जिथे जिथे चार जण जमून खेळतात तिथले तक्ते एकत्र आले तर कोकणातल्या टेबलांचं खरं चित्र प्रथमच आपल्यासमोर येईल. तारीख, आपला डेक, समोरचा डेक, निकाल, एवढे रकाने सगळे भरतात. पहिली पाळी कुणाची होती हा पाचवा रकाना बहुतेक जण सोडून देतात, आणि आक्रमक डेकच्या बाबतीत त्याच्याशिवाय बाकीचे चार वाचता येत नाहीत. तेवढा जरूर भरावा.